थोडं रान, पुरा हिशेब



ऊस नोंदीचे दिवस आले की गट ऑफिसात गर्दी होते. क्लार्क विचारतो, "क्षेत्र किती?" सभासद सांगतो, "तीन एकर, सगळा ऊसच." नोंद होते, सही होते आणि माणूस घरी जातो. सगळा ऊसच का, हे त्याला कोणी विचारत नाही आणि तोही स्वतःला विचारत नाही. वडील लावत होते, शेजारी लावतो, दुसरं काही सुचलं नाही, म्हणून ऊस. आजच्या पाठात आपण हाच प्रश्न घेऊ. ज्याचं रान थोडं आहे, त्यानं त्यात काय, किती आणि कुठं लावायचं हे कसं ठरवावं?

कुणी म्हणेल, कारखान्याच्याच अंकात ऊस कमी करा म्हणून सांगता की काय? तर कारखान्याला टन लागतात, एकर लागत नाहीत. तीन एकरांत पसरलेले टन दीड-दोन एकरांत गोळा झाले तर कारखान्याचं काही बिघडत नाही, आणि सभासदाचं मात्र एक एकर रान मोकळं होतं. त्या एकराचा विचार करायला आपण शिकलं पाहिजे.

रान लहान का, विचार मोठा का?

महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे सव्वातीन एकर. एका पिढीत वाटण्या झाल्या, विहिरीतही पाळ्या पडल्या. पण शेती करण्याची पद्धत साडेदहा एकरांचीच राहिली. मोठ्या रानात चार एकर कमी पिकले तरी घर चालतं. तीन एकरांत एक एकर फसला की घराचा तिसरा हिस्सा गेला. म्हणून लहान शेतकऱ्यानं मोठ्यापेक्षा जास्त हिशेबी असावं लागतं.

हिशेब कसा करायचा? चार गोष्टी मोजायच्या : पाणी, जमीन, हात आणि पैशाची वेळ. याच क्रमानं.

पहिलं माप : वैशाखातलं पाणी

माझीच गोष्ट सांगतो. २०१५ चा पावसाळा कमी झाला होता. तरी डिसेंबरात माझ्या विहिरीत पाणी बरं दिसत होतं. मी २०१६ च्या जानेवारीत अडीच एकर सुरू ऊस लावून मोकळा झालो. उगवण छान झाली. एप्रिलमध्ये मोटर अर्धा तास चालून भक्क भक्क करायला लागली. मे महिन्यात शेवटी तो ऊस कापून जनावरांपुढं टाकला. बेणं, खत, मशागत सगळं पाण्यात गेलं म्हणावं, तर पाणीही नव्हतं! विहीर मी पौषात पाहिली होती, वैशाखात पाहिली नव्हती. हीच चूक अनेकजण करतात.

तेव्हा एप्रिल-मे महिन्यात एकदा विहिरीचं माप घ्या. साधी रीत आहे. २०० लिटरचा पत्र्याचा बॅरल मोटरच्या पाइपाखाली ठेवा आणि घड्याळ लावून भरा. समजा ४० सेकंदांत भरला. म्हणजे सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ हजार लिटर. आता विहीर दिवसाला किती तास चालते ते पाहा. वीज आठ तास असेल, पण विहिरीला पाझर चार तासांचाच असेल तर चारच तास धरा. म्हणजे दिवसाला ७२ हजार लिटर. भावकीत पाळी असेल तर आपल्या वाट्याचं तेवढंच मोजा.

आता उसाची तहान. उन्हाळ्याच्या भरात उभ्या उसाला दिवसाला साधारण ८ मिलिमीटर पाणी लागतं. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,०५० लिटर. म्हणून एकराला रोजचे सुमारे ३२,४०० लिटर मुळांशी पोचले पाहिजेत. पाटानं, सरीनं दिलं तर वाटेत झिरपून आणि उडून बरंच जातं. शंभरातले साठ मुळांशी पोचतात असं धरलं तर एकराला ५४ हजार लिटर सोडावे लागतात. ठिबकनं शंभरातले नव्वद पोचतात असं धरलं तर ३६ हजारांत भागतं.

म्हणजे आपल्या ७२ हजार लिटरच्या विहिरीवर सरीनं सव्वा ते दीड एकराच्या मधलं (५३ गुंठे) आणि ठिबकनं दोन एकर (८० गुंठे) रान मे महिन्यात जगतं. त्याच विहिरीवर तीन एकर ऊस सरीनं भिजवणारा सभासद उसाला निम्म्याहूनही कमी पाणी पाजतो. मग एकरी २८-३० टनांवर उतारा अडकला की तो बेण्याला, खताला आणि शेती खात्याला दोष देतो. पोट तीन माणसांचं आणि भाकरी दीड, मग अंग धरणार कसं?

कालव्याचं पाणी असेल तर उन्हाळी आवर्तनं मागच्या पाच वर्षांत प्रत्यक्ष किती मिळाली ते आठवून लिहा. सगळ्यांत वाईट वर्ष धरून क्षेत्र ठरवा. चांगल्या वर्षी पाणी उरलं तर वाया जात नाही, पण वाईट वर्षी कमी पडलं तर पीकच जातं.

दुसरं माप : जमिनीची खोली आणि निचरा

एकाच गटात तीन प्रकारची जमीन असू शकते. वरच्या अंगाला मुरमाड, मध्ये मध्यम काळी, ओढ्याकडं भारी. दोन-तीन ठिकाणी कुदळीनं दोन-अडीच फूट खोल खड्डा घेऊन पाहा. दीड फुटावर मुरूम लागला तर तिथं आडसाली ऊस लावणं म्हणजे आठवड्याला पाणी आणि कमी टन. तो तुकडा सीताफळासारख्या झाडाला, घरच्या ज्वारीला किंवा गोठ्याला द्या.

उलट ओढ्याकडच्या भारी रानात पांढरा फेस येतो का, पावसाळ्यात पाणी साचतं का ते पाहा. नीरा, प्रवरा, कृष्णा या नद्यांच्या काठच्या कालव्यांखालची कितीतरी सोन्यासारखी जमीन जास्त पाणी आणि कमी निचऱ्यामुळं खारवट-चोपण झाली, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा रानात आधी चर काढा, ताग-धैंचा गाडा आणि मग पिकाचं बोला.

माती तपासून घ्या. नमुना बांधाजवळचा, उकिरड्याजवळचा किंवा झाडाखालचा घेऊ नका. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा वीतभर खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्या. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. असं करत अर्धा किलो उरली की पिशवीत घालून चिठ्ठीसह गट ऑफिसात द्या.

रस्त्याचाही विचार इथंच करावा. ज्या तुकड्याला गाडीवाट नाही तिथला ऊस शेजाऱ्याचा फड तुटेपर्यंत अडकतो. तोड लांबते, वजन घटतं, खोडवा उशिरा धरला जातो. उसाला रस्त्याकडचा तुकडा द्या. वैरण आणि भाजी डोक्यावरून आणता येते, ऊस येत नाही.

तिसरं माप : घरचे हात

कागदावर भाजीपाला उसापेक्षा जास्त पैसे देतो. पण कागद खुरपायला येत नाही. घरात रानात राबणारे हात किती, हे खरं लिहा. मुलगा पुण्याला किंवा एमआयडीसीत कामाला असेल तर त्याचे हात मोजू नका. म्हातारे आई-वडील देखरेख करतील, पहाटे धार काढणार नाहीत.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. गाई घ्यायचं पुरुष ठरवतात, शेण आणि धार बायकांच्या वाट्याला येते. ज्या घरात त्या बाईला न विचारता गाय आली, तिथं ती वर्षाच्या आत विकली गेलेली मी पाहिली आहे. काय लावायचं आणि काय पाळायचं हे ठरवताना घरातल्या लक्ष्मीला शेजारी बसवा. घरखर्चाचा खरा आकडा तिलाच माहीत असतो.

हात कमी असतील तर ऊस, बांधावर झाडं आणि थोडी वैरण एवढ्यावरच थांबा. त्यात कमीपणा नाही.

चौथं माप : पैसा कधी येतो?

उसाचं बिल हप्त्यांनी येतं, त्यातून सोसायटीचं कर्ज वळतं होतं. आडसाली उसाला पहिला पैसा दिसायला दीड वर्ष लागतं. पण दुकानदार दीड वर्ष थांबत नाही. जूनमध्ये शाळेचा खर्च, जुलै-ऑगस्टमध्ये लागण आणि खत, मग दिवाळी. या वेळेला हात उसना पैसा काढतो आणि उसाचा नफा व्याजात जातो. म्हणून थोड्या रानात निदान एक गोष्ट अशी हवी की जी आठवड्याला किंवा दहा दिवसांना रोकड देईल. दूध किंवा भाजी यांचं खरं मोल इथं आहे.

पिकांची तुलना करतानाही महिने मोजा. आडसालीचे एकरी ६० टन ऐकायला मोठे वाटतात, पण ते १८ महिन्यांचे. महिन्याला ३.३ टन पडले. सुरूचे १२ महिन्यांत ४० टन आले तरी महिन्याला तेवढेच. आणि खोडव्याला बेणं नाही, नांगरट नाही, सऱ्या नाहीत. १२ महिन्यांत ४५ टन आले तर महिन्याला पावणेचार टन. म्हणजे आपण ज्याला दुय्यम समजून वाऱ्यावर सोडतो तो खोडवाच सगळ्यांत स्वस्त टन देतो.

एक नमुना : तीन एकरांचा फेर

आता चारही मापं एकत्र करू. समजा १२० गुंठे रान आहे, वर मोजलेली ७२ हजार लिटरची विहीर आहे, घरात नवरा-बायको आणि एक हाताखालचा मुलगा आहे. आजपर्यंत तिन्ही एकर ऊस, एकरी २८ टन, वर्षाला ८४ टन.

उसासाठी ९० गुंठे ठेवून त्यांचे ३०-३० गुंठ्यांचे तीन तुकडे करू. प्रत्येक तुकड्याचा तीन वर्षांचा फेर असा :

१) जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण. पुढल्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तोड.
२) लगेच खोडवा. बारा महिन्यांनी तोड.
३) मग पुढच्या आडसालीपर्यंत सात-आठ महिने ऊस नाही. तोड नोव्हेंबरात मिळाली तर हरभरा, डिसेंबर उजाडला तर उशिराचा गहू. मार्चनंतर नांगरून रान उन्हात तापू द्यायचं. जूनच्या पावसावर ताग पेरून दीड महिन्यानं गाडायचा, पंधरा दिवस कुजू द्यायचा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा आडसाली लागण.

तिन्ही तुकडे एकेका वर्षाच्या अंतरानं या फेरात घातले की दरवर्षी एक लागण तुटते आणि एक खोडवा तुटतो. लागणीचे एकरी ६० प्रमाणे ३० गुंठ्यांत ४५ टन, खोडव्याचे एकरी ४५ प्रमाणे जवळजवळ ३४ टन. एकूण ७९ टन. पूर्वीपेक्षा पाचच टन कमी.

पण मे महिन्यात काय झालं पाहा. तिसरा तुकडा तापत पडला आहे, त्याला पाणी नको. पाण्याखाली ऊस फक्त ६० गुंठे. ठिबकवर विहीर ८० गुंठे सांभाळते. म्हणजे २० गुंठ्यांचं पाणी उरलं. ते उरलेल्या ३० गुंठ्यांसाठी असं वापरू :

१५ गुंठे वैरण : १० गुंठे संकरित नेपिअर आणि ५ गुंठे लसूणघास. चांगल्या निगराणीत नेपिअरचं वर्षाला गुंठ्याला दोन टन धरलं तर दहा गुंठ्यांत २० टन, म्हणजे दिवसाला ५५ किलो. दोन संकरित गाईंची हिरवी वैरण त्यात भागते. गळितात उसाचं वाढं फुकट मिळतं म्हणून नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळं जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं. लसूणघास आणि कडबा बरोबर द्या.

५ गुंठे भाजी : आधी घरची, उरली तर बाजारची. जवळ आठवडे बाजार असेल आणि हात मोकळे असतील तरच वाढवा.

१० गुंठे कोरडवाहू : गोठा, वैरणीची गंज, शेणखताचे दोन खड्डे, बांधाला शेवगा, सीताफळ, दोन नारळ.

दोन गाईंचं शेणखत आणि गाडलेला ताग परत उसाच्या रानातच जातो. खताची एकेक पोती बाहेरून आणताना जीव जातो, त्याला हा आधार आहे. शेणाचा खड्डा हीसुद्धा तीन एकरांतली एक पुंजी समजा.

हा नमुना आहे, कायदा नव्हे. विहीर दोन तासांची असेल तर ऊस निम्म्यावर आणा. कालव्याची खात्री असेल तर वाढवा. पण क्रम सोडू नका : आधी पाणी मोजा, मग पीक ठरवा.

साठ टन येतील कसे?

क्षेत्र कमी केलं आणि पद्धत जुनीच ठेवली तर सभासद दोन्हीकडून बुडेल. म्हणून थोडक्यात पाच गोष्टी.

बेणं : दर तीन वर्षांनी बेणं बदला. नऊ ते अकरा महिन्यांच्या बेणेमळ्यातलंच घ्या, खोडव्याचं बेणं वापरू नका. को ८६०३२ आणि फुले २६५ या जाती आपल्याकडं रुळलेल्या आहेत. चोपणाकडं झुकणाऱ्या रानात फुले २६५ बरी टिकते.

संख्या : पाच फुटी सरीत दोन फुटांवर रोप लावलं तर एकरात ४,३५६ रोपं बसतात. प्रत्येक बेटाला नऊ ऊस टिकले तर ३९ हजार ऊस. दीड किलोचा एक ऊस धरला तरी साठ टनांच्या जवळ गेलो. म्हणून नांग्या भरायला महिनाभराच्या आत रोपं तयार ठेवा. एक नांगी म्हणजे नऊ ऊस गेले.

खत : आडसालीला एकरी १६० किलो नत्र, ६८ स्फुरद, ६८ पालाश ही सर्वसाधारण शिफारस आहे. माती तपासणीप्रमाणे त्यात कमीजास्त करा. एकदम टाकू नका, हप्त्यांनी द्या. ठिबक असेल तर त्यातूनच द्या.

आंतरपीक : आडसालीच्या रुंद सरीत सोयाबीन, भुईमूग किंवा कमी दिवसांची भाजी घ्या. मका घेऊ नका, तो उसाच्या डोक्यावर बसतो.

खोडवा : पाचट जाळू नका. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. ते सरीत बसवून एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका. पाचटाखाली ओल टिकते, तण दबतं. बुडखे जमिनीलगत छाटा. बगला फोडू नका. खत पहारीनं बेटापासून वीतभर लांब आणि वीतभर खोल द्या, पहिला हप्ता पंधरा दिवसांच्या आत आणि दुसरा साडेचार महिन्यांनी.

काय टाळावं?

एक, दुसऱ्याचं पाहून एकदम सगळं रान बदलू नका. डाळिंबाचे पैसे शेजाऱ्यानं मोजलेले दिसतात, त्याची फवारणीची उधारी दिसत नाही. नवं पीक पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांवर करून पाहा. दोन, विक्री ठरल्याशिवाय नाशवंत माल लावू नका. तीन, गाय कर्जानं आणण्याआधी वैरण लावा. वैरण उगवल्यावर गाय, गाय आल्यावर वैरण नव्हे. चार, पाणी कमी पडतं म्हणून लगेच बोअर घेऊ नका. आधी ठिबक करा, क्षेत्र आवरा, मग बोअरचं बघा. शेजारच्या चार बोअरांनी आपलीच विहीर कोरडी पाडलेली आपण पाहतो.

स्वाध्याय

पुढच्या नोंदीच्या आधी एका कागदावर पुढील उत्तरं घरातल्या सगळ्यांनी मिळून लिहावीत :

१. मे महिन्यात आपल्या वाट्याचं पाणी दिवसाला किती लिटर?
२. त्यावर सरीनं किती गुंठे आणि ठिबकनं किती गुंठे जगतील?
३. रानातला कोणता तुकडा खोल, कोणता हलका, कोणता पाणथळ? रस्ता कुणाला?
४. रोज रानात राबणारे हात किती? पहाटे गोठ्यात कोण जाणार?
५. कोणत्या महिन्यात उसनवारी करावी लागते?
६. मागच्या तीन वर्षांत एकरी टन किती? (आठवणीनं लिहू नका, वजनाच्या पावत्या काढा.)
७. ऊस निम्मा केला आणि उतारा दुप्पट केला तर मोकळ्या रानात काय?

हा कागद गट ऑफिसात घेऊन या. आपला शेती सहायक तुमच्याबरोबर बसून क्षेत्राची आखणी करील. बॅरल आणि घड्याळ घेऊन विहिरीवर यायचीही त्याची तयारी आहे.

वडिलांनी दहा एकर सांभाळले, आपल्याला तीन मिळाले, याचं वाईट वाटून घेऊ नका. पण वाटणीत जमिनीबरोबर विहिरीचं पाणीही तिसऱ्या हिश्शावर आलं, हे मात्र विसरू नका. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आपलं अंथरूण म्हणजे बांधाच्या आतली जमीन नव्हे, वैशाखात विहिरीत जेवढं पाणी दिसतं तेवढं. तेवढ्यातच पीक लावा, पण जे लावाल ते पोटभर पाजा.